घरची शुश्रूषा आणि तिची पारख

रस्ता बांधला तर त्याची लांबी मोजता येते, पाटबंधारा बांधला तर भिजलेल्या शेतीचा हिशेब मांडता येतो, आणि शाळा काढली तर पटावरील मुलांची संख्या सांगता येते. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या प्रत्येक कामाला असा काही ना काही हिशेब द्यावा लागतो आणि तो द्यावा लागणे योग्यच आहे. परंतु काही कामे अशी असतात की, त्यांच्या यशाची खूण नेहमीच्या मापांत बसत नाही. जे मूल बरे होणार नाही हे वैद्यकाने ओळखले आहे, त्याच्या घरी जाऊन त्याची वेदना हलकी करणे, हे अशा कामांपैकी एक होय. रुग्णालयाचे यश बरे होऊन घरी गेलेल्या रोग्यांवरून मोजण्याची रीत आहे. येथे ते माप आरंभीच बाजूला ठेवावे लागते. मग काम चांगले झाले की वाईट, हे ठरवावयाचे कशावरून?

हा प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. ज्या योजनेची पारखच होत नाही, ती अंदाजपत्रकाच्या पहिल्या काटछाटीत नाहीशी होते. आणि जिची पारख चुकीच्या मापाने होते, ती कागदावर भरभराटीला येत असतानाच तिच्यातील मुले मात्र रात्र रात्र कण्हत राहू शकतात.

‘हॉस्पिस’ हा शब्द युरोपातून आला. मध्ययुगात यात्रेकरूंसाठी आणि आजारी वाटसरूंसाठी ज्या धर्मशाळा असत, त्यांना हे नाव होते. आजच्या अर्थाने ते रूढ झाले डॉ. सिसिली साँडर्स यांच्यामुळे. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि पुढे डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. कर्करोगाच्या रोग्याला वेदना असह्य झाल्यावर औषध देण्याऐवजी, ती उसळण्यापूर्वीच ठरावीक वेळी तोंडाने मॉर्फिन द्यावे, आणि देहाच्या दुखण्याबरोबर मनाच्या व संसाराच्या दुखण्याकडेही पाहावे, ही त्यांची शिकवण होती. दोनच वर्षांत, १९६९ मध्ये, या संस्थेची माणसे रोग्यांच्या घरी जाऊ लागली. या सगळ्या पद्धतीला इंग्रजीत ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात. मराठीत तिला उपशामक शुश्रूषा म्हणता येईल. रोग हटवता आला नाही तरी त्याचा जाच शमवणे, हे तिचे काम.

मुलांच्या बाबतीत घराचा विचार अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाला. इडा मार्टिन्सन या परिचारिका-संशोधिकेने १९७० नंतरच्या दशकात एक साधा पण त्या काळी धाडसी वाटणारा प्रश्न विचारला: कर्करोगाने मरणपंथास लागलेले मूल रुग्णालयाऐवजी आपल्या घरी, आईबापांच्या हाती राहू शकेल काय? तिने उभी केलेली व्यवस्था अशी होती की, मुख्य शुश्रूषा आईबापांनी करावयाची, परिचारिकेने दिवसरात्र दूरध्वनीवर हाक मारताच उपलब्ध राहावयाचे व गरज पडेल तेव्हा घरी जावयाचे, आणि डॉक्टरने सल्लागार म्हणून पाठीशी उभे राहावयाचे. रुग्णालयाचे दार केव्हाही उघडे होते. परत जावेसे वाटले तर त्यात अपयश मानावयाचे नाही, असा दंडक होता. या प्रयोगातील बहुसंख्य मुलांचा अखेरचा श्वास घरी झाला आणि खर्चही रुग्णालयाच्या मानाने कमी आला. पुढे १९८२ मध्ये सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांनी ऑक्सफर्ड येथे हेलन हाउस हे केवळ मुलांसाठी असलेले जगातील पहिले हॉस्पिस काढले. तेथेही हेतू मुलाला घरापासून तोडण्याचा नव्हता. थकलेल्या कुटुंबाला चार दिवस विसावा मिळावा आणि मूल पुन्हा आपल्या घरी जावे, हा होता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अशा शुश्रूषेची गरज असलेली मुले म्हणजे कर्करोगाची मुले, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. वस्तुतः त्यांचे चार वर्ग मानले जातात. ज्यांचा रोग बरा होण्याची शक्यता असते पण उपचार फसूही शकतात, अशी मुले पहिल्या वर्गात येतात. कर्करोगाची मुले ती हीच. दुसऱ्या वर्गातील रोग दीर्घ उपचारांनी वर्षानुवर्षे थोपवून धरता येतात, पण आयुष्य अकाली संपण्याचा धोका राहतोच. तिसऱ्या वर्गात रोग प्रथमपासूनच हळूहळू वाढत जातो व त्यावर मुळावरचा इलाज नसतो. चौथ्यात मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण तिच्यामुळे फेफरे, वारंवार होणारा न्यूमोनिया, गिळता न येणे असे उपद्रव मुलाच्या जिवावर बेततात. आपल्याकडे एक म्हण आहे की, दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते. या मुलांचे दुखणे पुष्कळदा मुंगीच्याच पावलांनी येते, आणि जात मात्र नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये केलेल्या व्याख्येत असे सांगितले की, मुलांची उपशामक शुश्रूषा रोगनिदानाच्या दिवसापासून सुरू व्हावी आणि रोगावरचा उपचार चालू असो वा नसो, ती चालू राहावी. तिच्याच सहकार्याने २०२० मध्ये निघालेल्या जागतिक आढाव्याप्रमाणे दरवर्षी सुमारे ४० लाख मुलांना या शुश्रूषेची गरज भासते, आणि त्यांपैकी ९७ टक्के मुले अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. आपला देश त्यांतलाच.

आता घरी जाणारे पथक प्रत्यक्षात करते काय, ते पाहू. परिचारिका आठवड्यातून एकदोनदा येते, आणि दुखणे चढले तर रोज. ती मुलाची वेदना, श्वास, झोप, भूक, शौच यांची चौकशी करते. मॉर्फिनमुळे होणारा मलावरोध टाळण्यासाठी रेचक चालू आहे ना, हे बघते. पाठीवर व्रण पडू नयेत म्हणून कूस केव्हा बदलावी, नाकातील नळीतून पेज कशी द्यावी, फेफरे आले तर काय करावे, हे आईला हाताला धरून शिकवते. डॉक्टर औषधाचे प्रमाण ठरवतो. समाजसेवक शिधापत्रिका, दाखला, प्रवासखर्च यांच्या मागे लागतो. घरातील दुसऱ्या मुलाकडे सर्वांचे दुर्लक्ष झालेले असते, त्याच्याशी कोणीतरी बोलावे लागते. आजारी मुलाला शाळेची ओढ असेल तर एखादा तास का होईना, ती त्याला मिळवून द्यावी लागते. आणि मूल गेल्यानंतर महिन्याने त्या घराचा उंबरठा पुन्हा एकदा चढावा लागतो. ही सर्व कामे एकाच ‘भेटी’त मोडतात आणि नोंदवहीत त्या भेटीची एकच ओळ होते.

पारखीचा पहिला घोटाळा याच ओळीपासून सुरू होतो. किती घरे, किती भेटी, किती किलोमीटर, किती औषध, हे आकडे आवश्यक आहेत. त्यांवाचून काम झाले की नाही हेच कळणार नाही. पण ते आकडे केलेल्या श्रमांचे आहेत. त्या श्रमांनी मुलाच्या पदरात काय पडले, हे त्यांतून निघत नाही. दहा मिनिटांची धावती भेट आणि रात्री दोन वाजता येऊन पहाटेपर्यंत मुलाच्या उशाशी बसलेली परिचारिका, या दोहोंना तेथे सारखेच मोल.

दुसरा आकडा अधिक फसवा आहे. तो म्हणजे किती मुलांचा मृत्यू घरी झाला. घरच्या शुश्रूषेची योजना असल्यामुळे घरी झालेला मृत्यू म्हणजे यश, असे समीकरण सहजच मनात येते. परंतु मूल घरी गेले, यामागची कारणे भिन्न असू शकतात. एका घरात आईबापांची तशीच इच्छा होती, वेदना काबूत होती, मदतीला माणूस होते. दुसऱ्या घरात रुग्णालयापर्यंत जाण्यास गाडीभाडे नव्हते, मॉर्फिन मिळत नव्हते आणि दूरध्वनी कोणी उचलला नाही. अहवालाच्या रकान्यात दोन्ही मुले ‘घरी’ याच शब्दाखाली येतात. उलट, अखेरच्या दोन दिवसांत घाबरून रुग्णालयात परतलेले कुटुंब ‘अपयश’ ठरते. मात्र त्याआधीचे सहा महिने त्यांच्या मुलाने आपल्या अंगणात, आपल्या भावंडांत काढलेले असतात, आणि त्यांची नोंद कोठेच नसते. म्हणून विचारावयाचा प्रश्न असा: कुटुंबाची इच्छा काय होती, ती वेळीच विचारली गेली का, ती पुढे बदलली तर तिच्याप्रमाणे व्यवस्था बदलली का, आणि जेथे मूल होते तेथे ते वेदनारहित होते का?

वेदना मोजता येते काय, अशी शंका येईल. काही मर्यादेत येते. तीनचार वर्षांच्या पुढचे मूल सांगू शकते. त्याच्यासमोर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांची पट्टी ठेवली की, ते बोट ठेवून दाखवते. त्याहून लहान, अथवा मेंदूच्या विकारामुळे बोलू न शकणाऱ्या मुलासाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन दहापैकी गुण मांडण्याची रीत आहे. पण कोणत्याही पट्टीपेक्षा महत्त्वाचे ते विचारणाऱ्याची भाषा. मराठी मूल ठणका, कळ, आग, चमक, रग, टोचणी हे शब्द वेगवेगळ्या दुखण्यांना वापरते आणि अगदी लहान मूल नुसते ‘बाऊ’ म्हणते. इंग्रजी प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतर करून ‘तुला किती वेदना होतात’ असे विचारणाऱ्याला बहुधा काहीच उत्तर मिळणार नाही.

मुलाचे दुखणे आईला दिसते, डॉक्टरला पुष्कळदा दिसत नाही, हे अमेरिकेतील बोस्टन येथील एका अभ्यासाने दाखवून दिले. तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगाने मूल गमावलेल्या १०३ पालकांशी बोलून तो केला होता. पालकांच्या सांगण्याप्रमाणे अखेरच्या महिन्यात ८९ टक्के मुलांना निदान एका तरी लक्षणाचा फार त्रास झाला होता. वेदनेवर उपचार मिळालेल्या मुलांपैकी केवळ २७ टक्क्यांच्या बाबतीत तो उपचार यशस्वी झाला, असे पालकांना वाटले. मुलांच्या वैद्यकीय कागदपत्रांत मात्र यांतील बऱ्याच लक्षणांची नोंद नव्हती. नामांकित रुग्णालय, तज्ज्ञ डॉक्टर, औषधांची वाण नाही, अशा ठिकाणची ही गोष्ट आहे. कार्यक्रमाची पारख केवळ त्याच्याच दप्तरावरून करणे किती अपुरे असते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावयास नको.

तथापि पालकांना विचारणे हेही वाटते तेवढे सोपे नाही. पहिली अडचण संख्येची. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, कारण सगळे तांदूळ एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेले असतात. या मुलांचे तसे नाही. एका जिल्ह्यात वर्षाकाठी पथकाकडे येणारी मुले थोडी, आणि त्यांत एक रक्ताच्या कर्करोगाचे, एक स्नायुक्षयाचे, एक जन्मजात हृदयदोषाचे. प्रत्येक शीत निराळ्या भांड्यातले. त्यांची सरासरी काढली तर ती कोणत्याच मुलाची नसते.

दुसरी अडचण तुलनेची. नव्या औषधाची परीक्षा करताना चिठ्ठ्या टाकून अर्ध्या रोग्यांना ते देतात व अर्ध्यांना देत नाहीत. मरणाऱ्या मुलाच्या घरी जावयाचे की नाही, हे चिठ्ठी टाकून ठरवण्यास कोणाचेही मन धजणार नाही. मग अभ्यासक सेवा घेतलेली आणि न घेतलेली कुटुंबे शेजारी ठेवून पाहतात. अमेरिकेतील मिनियापोलिस येथे असा एक अभ्यास झाला व तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगाने मूल गमावलेल्या ६० कुटुंबांपैकी निम्म्यांना घरी येणाऱ्या पथकाची मदत मिळाली होती. त्या घरांतील ७० टक्के मुलांना अखेरच्या काळातही खेळण्या-हसण्याचा आनंद मिळाला, असे पालकांनी सांगितले. इतर घरांत हे प्रमाण ४५ टक्के होते. घरी मृत्यू येण्याचे प्रमाण पहिल्या गटात ९३ टक्के व दुसऱ्यात २० टक्के होते. यांतील दुसरा फरक मोठा दिसतो, पण तो जपून वाचावयास हवा. ज्यांना मूल घरीच ठेवावयाचे होते, त्यांनीच मुळात ही सेवा स्वीकारली असणार. पहिला फरक लहान आहे, पण त्याचे मोल अधिक. ‘तुमच्या मुलाला त्या दिवसांत मजा वाटली का?’ हा प्रश्न कोणाला तरी विचारावासा वाटला, हीच त्या अभ्यासातील मोठी गोष्ट होय. मुलाचे आयुष्य उरलेल्या दिवसांतही मुलाचेच असते. सरकारी रकान्यांत मात्र खेळाला जागा नसते.

तुलनेचा दुसरा मार्ग म्हणजे एकाच कुटुंबाला आरंभी विचारणे व काही आठवड्यांनी पुन्हा विचारणे. जर्मनीतील म्युनिक येथे मुलांच्या घरी जाणाऱ्या पथकाची पारख याच रीतीने झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत मुलांची लक्षणे सौम्य झाल्याचे व आईबापांवरील ओझे हलके झाल्याचे दिसले. ज्या मुलाचा रोग दिवसेंदिवस वाढतच आहे, त्याची स्थिती नुसती पहिल्यासारखी राहिली तरी ते यश मानावे लागते, मग सुधारणा दिसली तर ती लहान गोष्ट नव्हे.

तिसरी अडचण कृतज्ञतेची. ज्या परिचारिकेने रात्री-अपरात्री आपल्या मुलासाठी धाव घेतली, तिनेच समोर बसून ‘आमचे काम कसे वाटले’ असे विचारले, तर आपल्याकडचा कोणता बाप ‘बरे नव्हते’ असे म्हणेल? समाधानाचे आकडे या कारणाने नेहमीच उंच येतात. विचारणारा माणूस पथकाबाहेरचा असावा, आणि ‘समाधान झाले का’ असे न विचारता घडले काय ते विचारावे. गेल्या आठवड्यात मूल किती रात्री झोपले? दूरध्वनी केल्यावर किती वेळाने उत्तर मिळाले? औषध कोणत्या दिवशी संपले होते? अशा प्रश्नांना भिडेची उत्तरे देता येत नाहीत. तसेच मध्येच सेवा सोडून गेलेली कुटुंबे वगळून चालत नाही. जे गेले, त्यांच्यापाशीच योजनेचे दोष सापडण्याचा संभव अधिक.

चौथी अडचण मनाची. शोकात असलेल्यांना विचारणे क्रूरपणाचे होईल, या भीतीने पुष्कळदा डॉक्टरच कुटुंबे निवडून देतात. जी शांत दिसतात तेवढीच अभ्यासात येतात. ही भीती अगदीच निराधार नाही, पण तिची मर्यादाही अनुभवाने कळली आहे. स्वीडनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कर्करोगाने मूल गमावलेल्या ४४९ पालकांनी उत्तरे पाठवली. ज्या १४७ पालकांनी आपल्या मुलाशी मृत्यूविषयी बोलणे केले होते, त्यांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप झाला नव्हता. जे बोलले नव्हते, त्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना पुढे त्याची खंत लागून राहिली. मूल गेल्यावर वर्षे लोटली तरी आईबाप बोलावयास तयार असतात, एवढेच नव्हे तर कोणी विचारील म्हणून वाट पाहत असतात, हे अशा पाहण्यांवरून दिसते. मार्टिन्सन आणि तिच्या सहकाऱ्यांनी तर मूल गेल्यानंतर सात ते नऊ वर्षांनी ४९ कुटुंबांना पुन्हा भेटून त्यांच्या शोकाचा मागोवा घेतला. एवढ्या काळानंतरही त्या घरांत एक रिकामी जागा होती. काहींनी ती इतर गोष्टींनी भरण्याचा प्रयत्न केला होता, काहींनी ती मुलाच्या आठवणीसाठी जाणूनबुजून तशीच राखली होती. याचा अर्थ असा की, कार्यक्रमाचा परिणाम मुलाच्या मृत्यूच्या दिवशी संपत नाही, आणि त्याची पारखही त्या दिवशी संपवता येत नाही.

आता खर्चाकडे वळू. शासनाला घरची शुश्रूषा आवडण्याचे एक कारण ती स्वस्त पडते हे आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही. सिंगापूर येथील घरी जाणाऱ्या एका बालसेवेच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात, ही सेवा मिळालेल्या मुलांचे आयुष्याच्या अखेरच्या वर्षातील रुग्णालयातले दिवस व खेपा दोन्ही कमी झाल्याचे आढळले, आणि खर्चही उतरला. परंतु रुग्णालयाच्या वहीतून पुसला गेलेला खर्च नेहमीच नाहीसा होतो असे नाही. तो कधी कधी घराच्या वहीत जाऊन बसतो. आईने मजुरी सोडली, बापाने सुट्ट्या संपवल्या, थोरल्या बहिणीची शाळा सुटली, एस.टी.च्या खेपांसाठी उसनवारी झाली, तर शासनाची बचत त्या कुटुंबाच्या कर्जातून झालेली असते. प्रामाणिक हिशेबात दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या पाहिजेत.

आपल्या देशात या कामाची वाटचाल उशिरा सुरू झाली, पण ती नगण्य नाही. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये शांती आवेदना सदन हे देशातील पहिले हॉस्पिस उघडले आणि पुढे त्याचे काम गोव्यातही सुरू झाले. केरळात कालिकत येथे १९९३ मध्ये वेदनाशमनाचे केंद्र निघाले, त्यातून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी घरोघर जाण्याची चळवळ उभी राहिली, आणि २००८ मध्ये त्या राज्याने या शुश्रूषेचे धोरण जाहीर केले. दिल्लीत कॅन्सपोर्ट ही संस्था १९९० नंतरच्या दशकापासून कर्करोग्यांच्या घरी पथके पाठवू लागली. महाराष्ट्रात २०१० मध्ये मुलांच्या उपशामक शुश्रूषेचा प्रकल्प हाती घेण्यात आला, तेव्हा त्यात जव्हारसारखा आदिवासी तालुकाही निवडला गेला. जव्हारच्या डोंगराळ भागात पाड्यापाड्यांवर वारली, कोकणा, कातकरी कुटुंबे राहतात. तेथे दोन घरांमधील अंतर, पावसाळ्यातील वाट आणि रोजगारासाठी होणारे स्थलांतर, याच गोष्टी शुश्रूषेचे यश ठरवतात. मुंबईच्या उपनगरातील पथकाच्या भेटींची संख्या आणि जव्हारच्या पथकाच्या भेटींची संख्या यांची तुलना करणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

भारतात आणखी एक विशेष अडचण आहे. मुंबईचे टाटा रुग्णालय घ्या. तेथे बिहार, बंगाल, आसाम, उत्तर प्रदेश येथून मुले येतात. उपचार थकले की कुटुंब गावी परतते. ‘घर’ तेव्हा पंधराशे किलोमीटरवर असते आणि मुंबईच्या पथकाचा हात तेथे पोचत नाही. मग त्या मुलाचे पुढे काय झाले, हे कोणाच्याच अहवालात येत नाही. पाठवणाऱ्या रुग्णालयाने गावाजवळच्या केंद्राला पत्र दिले का, तेथे मॉर्फिन मिळते का, आणि महिन्याने कोणी दूरध्वनी केला का, हेही पारखीचेच प्रश्न आहेत.

मॉर्फिनचा उल्लेख वारंवार आला, कारण सगळ्या योजनेची कसोटी शेवटी त्या एका औषधाशी येऊन ठेपते. माळव्यात मंदसौर-नीमच भागात परवान्याने अफू पिकते, नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत, आणि आपली अफू परदेशी औषधनिर्मितीसाठी जाते. तरीही येथील रोग्याला मॉर्फिन मिळणे कठीण होऊन बसले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे रुग्णालयांना निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने घ्यावे लागत, आणि बहुतेकांनी तो नादच सोडला. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनसारख्या आवश्यक औषधांसाठी एकाच अधिकाऱ्याची मान्यता पुरेशी झाली. कायदा सुधारला, पण त्या तीन दशकांत मॉर्फिन न वापरताच शिकलेल्या डॉक्टरांची भीती काही एका राजपत्राने जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये मुलांच्या दीर्घ वेदनेसाठी दोनच पायऱ्या सांगितल्या: वेदना सौम्य असेल तर साधी वेदनाशामके, आणि तीव्र असेल तर थेट मॉर्फिनच्या जातीची औषधे. दुसरी पायरीच जेथे तुटलेली आहे, तेथे घरी जाणारी परिचारिका सांत्वनापलीकडे फारसे काही देऊ शकत नाही.

या सर्वांवरून एखाद्या जिल्ह्याने आपल्या कार्यक्रमाची पारख कशी करावी, याचे उत्तर फार लांबलचक नाही. प्रत्येक भेटीत मुलाची वेदना त्याच्याच शब्दांत व एकाच पट्टीवर नोंदवावी, आणि ती जास्त निघाल्यास चोवीस तासांत काय केले तेही लिहावे. मॉर्फिन किती दिवस उपलब्ध नव्हते, याची स्वतंत्र नोंद ठेवावी. रात्रीच्या हाकांपैकी किती हाकांना उत्तर मिळाले, हे पाहावे. कुटुंबाची इच्छा कोणत्या तारखेस विचारली व ती पुढे कशी पाळली, ते नोंदवावे. आई झोपते का, भावंडे शाळेत जातात का, उसनवारी किती झाली, हे विचारावे. मूल गेल्यावर काही महिन्यांनी, पथकाबाहेरच्या माणसाने, आईबापांची तयारी पाहून त्यांच्याशी बोलावे. आणि ज्या प्रश्नाच्या उत्तराने काहीच बदलणार नाही, तो प्रश्न विचारूच नये. ज्यांच्याजवळ मुलाच्या सहवासाचे दिवस मोजके उरले आहेत, त्यांचा अर्धा तास ही लहान मागणी नव्हे. तो घेतला तर त्याचा उपयोग पुढच्या मुलाला झालाच पाहिजे.

एखाद्या कार्यक्रमात मुले थोडी असतील, आकडे तुटपुंजे असतील, अहवाल दहा पानांचाच निघेल. त्या दहा पानांतून जर एवढे कळले की, अमुक गावात अमुक महिन्यात मॉर्फिन पंधरा दिवस नव्हते आणि त्या पंधरा दिवसांत तीन मुले झोपली नाहीत, आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्याने दुसऱ्याच दिवशी त्या गावी औषध पोचते केले, तर पारख सार्थकी लागली. बाकीची सगळी कोष्टके त्यानंतर भरता येतील.